माळवदाच्या जुन्या घराची हिवाळ्यातील दुरुस्ती: कामाचा क्रम आणि त्यामागची कारणे

आपण नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगरला राहता, आजोबांनी बांधलेले दगडमातीचे माळवदाचे, म्हणजे लाकडावर मातीचे सपाट छत असलेले, घर औसा तालुक्यातील गावात आहे, आणि दिवाळीनंतर काम काढून होळीपर्यंत ते राहण्याजोगे करावे असा आपला विचार आहे. आपले प्रश्न तीन आहेत. माळवद उतरवून त्या भिंतींवर स्लॅब टाकावा का, भिंतींना सिमेंटचा गिलावा करावा का, आणि काम चालू असताना आई-वडिलांना त्याच घरात राहता येईल का. तिन्हींचे थोडक्यात उत्तर ‘नाही’ असे आहे; मात्र नुसत्या नकाराने घर दुरुस्त होत नाही, म्हणून कारणे आणि कामाचा क्रम सविस्तर लिहितो. मी लातूर, धाराशिव आणि बीड या भागांत जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे गेली तीस वर्षे करतो आहे, आणि या कामाची सुरुवातच १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या दुरुस्त्यांवर देखरेख करण्यापासून झाली, त्यामुळे माझ्या बोलण्यात किल्लारीचा उल्लेख वारंवार येईल. आपले घर औसा तालुक्यात आहे, तेव्हा तो टाळताही येणार नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, जो धक्का बसला त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात एवढ्या तीव्रतेचे भूकंप दरवर्षी अनेक होतात. तरीही इथे हजारो माणसे झोपेतच गेली, याचे कारण आपल्या घरांच्या बांधणीत होते. दोन-तीन फूट जाडीच्या, आतबाहेर दगड आणि मध्ये भर घातलेल्या, मातीत रचलेल्या भिंती आणि त्यांच्या जोडीला डोक्यावर मातीचा प्रचंड भार, असे ते बांधकाम होते. पुढच्या पाहणीत एक गोष्ट ठळकपणे दिसली, ती आपल्या पहिल्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर होता, तेथे भिंती ढासळूनही अनेक ठिकाणी छत खांबांवर उभे राहिले. म्हणजे जुन्या गवंडी-सुतारांनी भार वाहण्याचे काम लाकडाला दिले होते आणि भिंत ही मुख्यतः आडोसा म्हणून होती. दुरुस्ती करणाऱ्याने सर्वप्रथम आपल्या घरात कोणता भार कोण वाहते आहे, हे खोलीगणिक पाहून कागदावर काढले पाहिजे. काही खणांत (खांबांमधल्या भागांत) तुळईचे एक टोक खांबावर आणि दुसरे भिंतीत असते, काही ठिकाणी मागच्या पिढीने जागा मोकळी करण्यासाठी मधला खांबच काढून टाकलेला असतो, आणि असे ठिकाण सापडले की बाकीची सगळी कामे थांबवून तेथे आधी टेकू द्यावा.

आता माळवदाचे वजन पाहू. हे माळवद मुळात एवढे जाड नव्हते. दरवर्षी मृगाच्या आधी गावच्या पांढरीतून (जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडातून) माती आणून छतावर टाकायची, तुडवायची, गळती थांबली की निश्चिंत व्हायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवी माती टाकायची, असे पन्नास-साठ वर्षे चालले. जुनी माती कोणी काढली नाही, कारण काढण्याची गरज कोणाला वाटली नाही. मी दुरुस्तीला घेतलेल्या घरांत दीड-दोन फुटांचा थर ही नेहमीची गोष्ट आहे. हिशेब सोपा आहे. दहा बाय वीस फुटांच्या खोलीवर वीस इंच माती असेल, तर ती सव्वातीन ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वर भरते. कोरड्या मातीच्या एका ब्रासचे वजन साधारण साडेचार टन धरले तर त्या एका खोलीवर पंधरा टन भार आहे, आणि श्रावणात पाणी मुरल्यावर तो आणखी वाढतो. हीच माती आठ इंचांवर आणली, तर भार सहा टनांवर येतो. म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या माती खाली आली की घराच्या डोक्यावरचे नऊ टन ओझे उतरते. भूकंपानंतर या भागातील घरांच्या मजबुतीकरणासाठी जी कामे सांगण्यात आली, त्यांत माळवदाची माती आठ इंचांपर्यंत कमी करणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम होते, आणि माझा अनुभवही तसाच आहे. घरमालकांना मात्र ते आवडत नाही, कारण त्यात खर्च करून नवे काही दिसत नाही.

हाच हिशेब स्लॅबला लावून पाहा. त्या खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर त्याचेही वजन सहा टनांच्या जवळपासच भरते, आणि म्हणून गावातले ठेकेदार म्हणतात की स्लॅब मातीपेक्षा हलका आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण अर्धे आहे. माळवदाचा भार मुख्यतः खांबांवर होता, स्लॅबचा भार सगळा मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर येतो, आणि त्या भिंतींनी एवढा भार पूर्वी कधी वाहिलेला नाही. शिवाय भिंतीच्या डोक्यावर लोखंडी सळ्यांचा पट्टा नसताना वर ठेवलेला स्लॅब भिंतीशी बांधलेला नसतो, तो फक्त ठेवलेला असतो. भिंत सरकली की तो एकसंध खाली येतो आणि माणसाला निसटायला जागा ठेवत नाही. स्लॅबच हवा असेल तर त्याच्यासाठी पायापासून स्वतंत्र कॉलम घ्यावे लागतात, आणि मग ते नवे घर झाले; तसे करायचे असल्यास जुन्या भिंतींवर पैसे घालू नयेत. हा भाग १९९३ पर्यंत भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता आणि २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या पट्ट्यात आला. मार्च २०२४ आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली, नांदेड, परभणी भागांत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा ‘आता पुन्हा कुठे होतो भूकंप’ असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

हिवाळाच का, हेही स्पष्ट करतो, कारण काम चांगले होणे बरेचसे या ऋतूच्या चालीवर अवलंबून आहे. मातीच्या कामाला सावकाश वाळणे मानवते. पावसाळ्यात ती वाळत नाही, चैत्र-वैशाखात चाळीस अंशांच्या वर गेलेल्या उन्हात वरून झटकन वाळते आणि भेगाळते. मार्गशीर्ष आणि पौष हे दोन महिने तिच्यासाठी योग्य असतात. विहिरीला पाणी असते, आणि आपल्याकडे ही बाब लहान नाही, कारण फाल्गुनात गावाला टँकर सुरू झाला तर भिजवणीला पाणी मागणेही बरे दिसत नाही. अडचणही या ऋतूतच आहे. बीड आणि आसपासच्या भागांतील मजूर दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, राहिलेले कापूस वेचणीत आणि पुढे तुरीच्या राशीत गुंतलेले असतात, आणि फेब्रुवारीत ज्वारीची काढणी सुरू झाली की गवंड्याच्या हाताखाली माणूस मिळत नाही. त्यात लातूर-धाराशिवकडे येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) दिवशी गाव शेतात असते, तेव्हा कोणाला कामाची आठवण करून देणेही शोभत नाही. हे सर्व वजा केल्यावर दिवाळी ते होळी या अवधीत प्रत्यक्ष कामाचे सत्तर-पंचाहत्तर दिवस हाती लागतात, आणि क्रम तेवढ्यात बसवावा लागतो. मजुरांना उचल देऊन दसऱ्यालाच ठरवून ठेवावे.

घराची पाहणी मात्र दिवाळीची वाट न पाहता परतीचा पाऊस थांबताच करावी, कारण ओल कोठून शिरते हे तेव्हाच दिसते. पौषात भिंत कोरडी दिसेल आणि खूण पुसलेली असेल. आत जाऊन प्रत्येक ओल्या डागाभोवती कोळशाने रेघ ओढावी. भिंतीला वरून खाली ओळंबा सोडावा आणि पोट किती सुटले आहे ते मोजावे. लाकडांची तपासणी करताना खांबाच्या मधल्या भागाला न ठोकता तुळईचे भिंतीत गेलेले टोक पाहावे, कारण वाळवी आणि कूज तेथूनच सुरू होते. वरून सागवान शाबूत दिसते आणि टोच्या घातला की आत चार इंच जातो. खांबाचे तळही पाहावे. खांब दगडी उथळ्यावर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर) असेल तर तो बहुधा चांगला असतो, पण मागाहून फरशी बसवताना उथळा जमिनीत गाडला गेला असेल तर खांबाचा तळ ओल पीत असतो.

भेगांविषयी एक सूचना आहे. आपले घर काळ्या मातीत असेल तर हिवाळ्यात जमीन सुकून आकसू लागते आणि भिंतीतल्या भेगा मे महिन्यापर्यंत रुंदावत जातात, पाऊस पडला की मिटतात. अशी भेग डिसेंबरात सिमेंटने भरली तर ती पुढच्या वर्षी शेजारी उघडते. भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे, आणि तिचा उपाय भिंतीवर नाही, पायाशी आहे. घराभोवती तीन-चार फूट रुंदीची काळी माती दीड फूट खोल काढून मुरूम भरणे, धुमस करणे (ठोकून घट्ट बसवणे) आणि उतार बाहेर देणे एवढ्याने बऱ्याच भेगा थांबतात. न्हाणीघराचे पाणी भिंतीला लागून वाहत असेल तर आधी ते लांब न्यावे, हे मी वेगळे सांगण्याची गरज नसावी, तरी दर दोन घरांपैकी एका घरात ते मला सांगावे लागते.

प्रत्यक्ष कामात माती उतरवणे पहिले येते, आणि त्यातच सर्वाधिक चुका होतात. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडूनच एक झाली. मजुरांना सोयीचे पडते म्हणून मी एका बाजूची माती पूर्ण उतरवू दिली, दुसऱ्या बाजूला पूर्ण भार तसाच राहिला, आणि संध्याकाळपर्यंत बाहेरची भिंत तीन बोटे बाहेर झुकली. कोणाला इजा झाली नाही, पण ती भिंत पुढे संपूर्ण उतरवून रचावी लागली. तेव्हापासून नियम असा आहे की आतून प्रत्येक तुळईखाली लोखंडी किंवा बल्लीचे टेकू दिल्याशिवाय फावडे वर जात नाही, आणि माती सगळ्या छतावरून एकाच वेळी चार-चार इंचांच्या थराने उतरते. उतरलेली माती भिंतीला टेकून ढीग घालू नये आणि शेजारच्या माळवदावर तर मुळीच टाकू नये. ती फेकूनही देऊ नये. चाळून घेतली तर गिलाव्याला हीच माती सर्वांत चांगली असते, कारण ती वर्षानुवर्षे पाण्या-उन्हात मुरलेली असते. नवी पांढरी माती लागलीच तर गावाबाहेरच्या जुन्या टेकाडाला हात लावू नका. धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि पैठण येथील पांढरी ही दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीची माती आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात अशा मातीत सापडणाऱ्या प्राचीन वस्तू जमवल्या आणि त्यांच्या नावाचे संग्रहालय आज तेथे उभे आहे.

हिवाळ्यात माती आणि दगड हलवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. थंडीत विंचू आणि साप भिंतीच्या पोकळीत आणि माळवदाच्या थरांत बसलेले असतात, आणि थंडीने सुस्तावलेले असल्यामुळे पळून न जाता हाताखाली येतात. मजुरांना हातमोजे आणि गमबूट द्यावेत, दगड उघड्या हाताने न उचलता आधी सब्बलने हलवावा, आणि जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचे औषध उपलब्ध आहे हे काम सुरू होण्याआधी विचारून ठेवावे. माजघरात किंवा अंगणात धान्याचे जुने पेव निघाले, तर त्यात कोणालाही उतरू देऊ नये. बंद पेवात प्राणवायू नसतो आणि उतरलेला माणूस हाक मारण्याआधी कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. पेव वरूनच मुरमाने भरून, पाणी मारून, थराथराने बसवून घ्यावे.

माती उतरल्यावर लाकूडकाम उघडे पडते आणि सुताराला चार-सहा दिवस द्यावे लागतात. कुजलेले टोक कापून नवे लाकूड सांधता येते. सगळी तुळई बदलण्याची गरज क्वचितच पडते, आणि जुने सागवान विकत घेणारे व्यापारी ‘हे सगळे खराब आहे’ असे सांगतात, तेव्हा ते कोणाच्या हिताचे बोलत आहेत हे पाहावे. खांब आणि तुळई यांचा जोड हा नुसत्या कुसवाचा (खाचेत बसवलेल्या लाकडी टोकाचा) असतो, धक्क्यात तो डोलतो आणि निसटतो. प्रत्येक खांबाच्या माथ्याशी तुळईच्या दोन्ही बाजूंना तिरपा लाकडी किंवा लोखंडी अँगलचा टेकू बोल्टने कसून बसवावा. दिसायला तो थोडा आडवा येतो, पण घराची चौकट ताठ राहते ती त्याच्यामुळे. लाकडाला जवसाचे तेल कोमट करून दोन हात द्यावेत. पूर्वी चुलीचा धूर लाकडाला लागत असे आणि किडीला दूर ठेवत असे. आता गॅस आला, भिंती स्वच्छ राहिल्या आणि वाळवीची सोय झाली. इंजिनचे जळके तेल लावण्याची पद्धत गावात आहे, ती घराच्या आत नको, कारण वास जात नाही आणि आग लागल्यास ते पेट घेते.

भिंतींचे काम त्याच सुमारास सुरू करावे. पोट सुटलेली भिंत बाहेरून लिंपून सरळ होत नाही, कारण आतले आणि बाहेरचे असे दोन पदर एकमेकांपासून सुटलेले असतात आणि मधली भर खाली बसून त्यांना आणखी लोटत असते. तेवढा भाग वरून खाली उतरवून पुन्हा रचावा लागतो, आणि तो एका वेळी तीन-चार फूट लांबीचा, एकाआड एक घ्यावा. नव्या रचनेत भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब, दोन्ही पदरांना धरून ठेवणारा दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर आलाच पाहिजे. किल्लारीच्या पडलेल्या भिंतींत हा आरपार दगड जवळजवळ नव्हताच. जी भिंत उतरवायची नाही, तिच्यातही हा जोड मागाहून देता येतो: हळुवार एक-एक दगड काढून आरपार भोक पाडायचे, ते दोन्ही तोंडांशी रुंद ठेवायचे, मध्ये दोन्ही टोके वाकवलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. भोक पाडताना घण घालू नये, ड्रिलही शक्यतो टाळावे, हलत्या भिंतीला हादरा देऊन तिची मजबुती होत नाही. दरवाजा-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर वेल्डेड जाळीचा फूटभर रुंद पट्टा आतून आणि बाहेरून घराभोवती अखंड फिरवावा, दोन्ही पट्टे सळयांनी एकमेकांना बांधावेत आणि त्यावर सिमेंटचा गिलावा करावा. घरात सिमेंटला जागा आहे ती येथे, आणि त्या आरपार जोडांत. हे काम डिसेंबरच्या मध्यापूर्वी आटोपल्यास बरे, कारण रात्रीचा पारा दहा अंशांखाली गेला की सिमेंट फार सावकाश पकडते. पाणी सकाळी ऊन आल्यावर मारावे, गोणपाट बांधून ते ओले ठेवावे आणि हा क्रम किमान चौदा दिवस चालू ठेवावा. हवा थंड आहे म्हणून भिजवणी कमी केली तर चालेल, असा गवंड्याचा समज असतो. वस्तुतः आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी असते आणि पाणी उडतच असते, फक्त जाणवत नाही.

उरलेल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा का नको, याचे कारण ओलीत आहे. जुन्या घराला पायात ओल थोपवणारा थर नसतो. जमिनीतील ओल भिंतीत चढते आणि मातीच्या गिलाव्यातून हवेत निघून जाते. सिमेंटने ती वाट बंद केली की ओल आतच साठते, मातीचा सांधा मऊ पडतो, लोणा (क्षार) लागतो, आणि दोन पावसाळ्यांत गिलावा ढोलासारखा वाजू लागतो. जानेवारीत तो गुळगुळीत आणि देखणा दिसतो, म्हणूनच माणसे फसतात. बाहेरून चुन्याचा आणि आतून मातीचा गिलावा ही जोडी मी सुचवतो. चुन्यासाठी कळीचा चुना घेऊन स्वतः विरवावा आणि किमान पंधरा दिवस पाण्याखाली मुरू द्यावा. एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग वाळू आणि त्यात थोडी सुरखी (विटांची भुकटी) घातली की तो लवकर पकडतो. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड देऊ नये, दुसरा थर आठवड्याने द्यावा, आणि वाऱ्यापासून आडोसा करून आठ-दहा दिवस तो दमट ठेवावा. हे काम संक्रांतीपर्यंत संपले पाहिजे. फेब्रुवारीअखेरचा कोरडा वारा चुन्याला घट्ट होऊ देत नाही, नुसता वाळवतो. ज्या सकाळी धुई पडते त्या दिवशी नवा थर सुरू करू नये.

मातीच्या गिलाव्याला ठरलेले एकच प्रमाण नसते, कारण प्रत्येक गावची माती वेगळी असते. चाळलेली माती, वाळू, गव्हाचा भुस्सा आणि शेण यांचा चिखल आठ-दहा दिवस मुरत ठेवून रोज तुडवावा, आणि वाळूचे प्रमाण बदलून तीन नमुने भिंतीवर फूटभर चौकोनात लावून पाहावेत. आठवड्याने जो भेगाळला नाही आणि बोटाने घासल्यावर भुगा पडला नाही, तो आपला. भुस्स्याबरोबर अंबाडीचे बारीक तुकडे केलेले तंतू घातले तर गिलावा अधिक धरून राहतो. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले आहेत, आणि तो गिलावा हजार वर्षांहून अधिक टिकला आहे. तंतू कोणता हा प्रश्न दुय्यम आहे, तो लांब आणि चिवट असावा एवढेच.

छत पुन्हा घालताना किलचांवर (तुळयांवरच्या लहान लाकडी पट्ट्यांवर) तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या काटक्यांचा, दाट थर अंथरावा. जानेवारीत नव्या तुराट्या फुकट मिळतात, फक्त त्या पूर्ण वाळलेल्या असाव्यात. त्यावर चार इंच चिखल तुडवून वाळू द्यावा, मग जाड प्लास्टिकचा कागद, आणि वर पुन्हा चार इंच पांढरी माती, असे एकूण आठ इंच. उतार दर तीन फुटांना एक इंच पन्हाळाकडे असावा. कागद भिंतीवर चढवू नये, त्याची कड पन्हाळाकडे मोकळी सोडावी, नाहीतर मुरलेले पाणी तेथेच अडकून राहते. जुन्या काळी उजेडासाठी ठेवलेले साणे बुजवू नका. त्याभोवती वीतभर उंच कठडा करून वर काच बसवली तर माजघराला दिवसा दिवा लागत नाही. माती टाकण्याचा वार्षिक रिवाज मात्र मोडावा लागेल. गळती झाल्यास तेवढीच जागा उकरून दुरुस्त करावी. ज्यांना दरवर्षीच्या या देखभालीची खात्री नाही, त्यांना मी आठ इंच मातीच्या माळवदावर दीड-दोन फूट उंच हलकी लोखंडी चौकट करून पत्रे टाकायला सांगतो. पाऊस पत्र्यावर पडतो, माती कोरडी राहते, आणि मधल्या वाऱ्यामुळे घर पूर्वीपेक्षाही थंड राहते. चौकट खांबांना बांधलेली असावी आणि पत्रे हुकबोल्टने कसलेले. वळवाच्या वादळात पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवण्याची सवय जीवघेणी आहे.

छत उघडे असेपर्यंत ताडपत्री घरात तयार ठेवा, आणि हिवाळ्यात पाऊस येत नाही या भरवशावर राहू नका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिने रब्बी पिकांबरोबर अर्धवट दुरुस्त झालेली छतेही झोडपली होती.

आई-वडिलांविषयी आपण काळजीने विचारले आहे. माती उतरवल्यापासून नवे छत वाळेपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात आठवडे, त्यांनी त्या छताखाली झोपू नये. धूळ, ओले गिलावे आणि रात्रीची थंडी ही तिन्ही वयस्कर माणसाच्या छातीला बाधतात. ओसरीच्या बाजूला काम शेवटी घ्यायचे ठरवले तर दिवसा ते तेथे बसू शकतात, आणि त्याचा उपयोगही होतो, कारण कोणती भिंत कोणत्या सालात बांधली, कोठे बळद (धान्य साठवण्याची भिंतीतली जागा) होते आणि कोणता दरवाजा बुजवला, हे कागदावर कोठेच नसते, ते त्यांच्या तोंडून मिळते. रात्रीची सोय शेजारी किंवा भावकीत करावी. ओला गिलावा लवकर वाळावा म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवण्याचा प्रकार मी पाहिला आहे. त्याने गिलावा तडकतो, आणि कोणी त्या खोलीत झोपले तर जीव जातो.

कागदपत्रांचे थोडक्यात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरांच्या नोंदवहीत) घर कोणाच्या नावे आहे ते पाहून ठेवा, गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन सनद मिळाली असेल तर तिच्यावरील हद्द तपासा, आणि सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्याची लेखी संमती घ्या. वीजजोडणी नवी करताना तारा मातीच्या गिलाव्यात न गाडता वरून पट्टीतून न्याव्यात.

होळीला घर राहण्याजोगे झाले तरी रंगकाम पहिला पावसाळा जाईपर्यंत करू नका. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडेल त्या रात्री घरात कोणीतरी असले पाहिजे. हातात बॅटरी आणि कोळशाचा तुकडा घेऊन प्रत्येक तुळईचे टोक पाहावे आणि जेथे ओल दिसेल तेथे खूण करावी. पाहणीच्या वेळी ओढलेल्या रेघा गिलाव्याखाली गेलेल्या असतील, म्हणून त्यांचे फोटो आधीच काढून ठेवा, म्हणजे नवी ओल जुन्याच जागी आहे की दुसरीकडे, हे त्याच रात्री कळेल.